जावयाच्या हातावर मठ्ठा

डिंगोऱ्याच्या सावळेराम आप्पांना प्रत्येक लग्नाचं निमंत्रण दोनदा येतं. पहिलं पत्रिकेतून, सगळ्यांना येतं तसं. दुसरं द्यायला यजमान स्वतः येतो, चप्पल न काढता उंबऱ्यातच उभा राहतो आणि सांगतो, "आप्पा, पंगतीला तुमी पाहिजे राव."

म्हणजे जेवायला नव्हे. आप्पा पंगतीत बसत नाहीत, पंगतीतून फिरतात. वाढपी पोरं भात-आमटी वाढून पुढं गेली की मागून आप्पा मठ्ठ्याचा जग घेऊन निघतात आणि आग्रह करतात. आप्पांच्या आग्रहातून जेवून सुटलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चहासुद्धा घेत नाही, अशी ख्याती आहे. आप्पांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती, पावसाळा सरला की कळप घेऊन कोकणात उतरायचं. वडील काठी न उगारता, नुसतं जिभेनं चुचकारून कळप हवा तिकडं वळवायचे. आप्पांच्या वाट्याला कांद्याचं रान आणि दावणीला चार मेंढ्या उरल्या, पण चुचकारण्याची विद्या अंगात राहिली. ती त्यांनी माणसांवर वापरली.

त्या विद्येचं मर्म आप्पा कुणालाही सांगतात, लपवून ठेवत नाहीत. पाहुणा "नको नको" करत द्रोणावर हात धरतो, तेव्हा तोंडाकडं बघायचंच नाही, हाताकडं बघायचं. बोटं एकमेकांना घट्ट चिकटलेली असली तर गडी खरोखर भरला, पुढं सरकायचं. बोटांत फट दिसली की तो नुसता मानाचा नको. तिथं खुशाल ओतायचं, हातावरच. मठ्ठा फटीतून खाली गळतो, पाहुणा "अहो आप्पा, अहो आप्पा" करत हात काढतो आणि द्रोण दोन बोटं पुढं सरकवतो. अख्ख्या जुन्नर तालुक्यात आप्पांचा हा हिशेब चुकला नव्हता.

मग बुफे आला आणि आप्पांचं दुकान बसलं. ताट हातात घेऊन उभ्या माणसाला आग्रह करायचा कसा? नको म्हणायला त्याच्याकडं रिकामा हातच नसतो. एकदोन लग्नांत आप्पांनी पनीरच्या टेबलामागं उभं राहून बघितलं, पण तिथं लोक आपणहून मागत होते. मागणाऱ्याला वाढण्यात आप्पांना काही राम वाटेना.

साठलेला आग्रह मग घरी येणाऱ्यांवर निघू लागला. मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस दोन कप चहा आणि वाटीभर शिरा घेऊन जाई. गुरांचा डॉक्टर यायच्या आधी फोनवर विचारून घेई, "आप्पा घरी हायेत का रानात?" कुरिअरवाला तर आता फाट्यावरूनच फोन करतो.

अशा माणसाच्या घरी पहिल्यांदा धोंड्याचा जावई येणार होता.

लेक प्रांजल गेल्या वर्षी मंचरला दिली. जावई ऋतिक पुण्यात कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो. पोरगा गुणाचा, बोलायला कमी. आणि यंदा अधिक महिना. तीन वर्षांनी येणाऱ्या या महिन्यात जावयाला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे, कपडे करायचे, पाया पडायचं. धोंड्याचा जावई म्हणजे देवच. तो पोटभर जेवून गेला तर सगळं पावलं. पण तो अर्धपोटी उंबरा ओलांडून गेला, तर पुढचा अधिक महिना येईपर्यंत गावाला दुसरा विषय नको. आप्पांनी आठ दिवस आधीच जाहीर केलं होतं, "ऋतिकरावांना आसं जेवू घालतो, का मंचरात नाव निघलं पाहिजे."

"नाव निघंल," निर्मलाबाई म्हणाल्या होत्या. "कसलं निघतंय तेवढं बघायचं."

जावई प्रांजलला घेऊन आला तो पाठीला काळी पिशवी लावून. आप्पांना वाटलं कपडे असतील. त्यातून निघाला लॅपटॉप.

"मामा, सुट्टी मिळाली नाही," ऋतिक ओशाळून म्हणाला. सासऱ्याला तो मामाच म्हणतो. "आज इथूनच काम करतो. एक छोटी मीटिंग आहे, ती झाली की जेवायला बसू."

रेंज येते पडवीतल्या खांबापाशी. तिथं स्टूल मांडलं, स्टुलावर लॅपटॉप, समोर खुर्ची, खुर्चीवर जावई, कानात वायर. आत धोंडे वाफेवर तयार, तूप कढलेलं, ताटाभोवती रांगोळी. मीटिंग काही संपेना. आप्पा दारात येत, बघत, परत जात. देव पडवीत बसलाय, नैवेद्य आत निवतोय, आणि देव इंग्रजीत बोलतोय.

"तवर मठ्ठा तरी देतो," आप्पा म्हणाले.

"गप बसा. काम चाललंय त्यांचं," निर्मलाबाई म्हणाल्या.

"ऊन केवढं हाये. घसा सुकला आसंल."

पहिला पेला ऋतिकनं घेतला. घेतला म्हणजे कसा, एका दमात घेतला. आलं, जिरं, कोथिंबीर, हिंगाचा वास, माठातला गारवा. रिकामा पेला त्यानं लॅपटॉपशेजारी स्टुलावर ठेवला आणि पडद्याकडं बघत राहिला. हे आप्पांनी दारातून पाहिलं. ज्यानं चाळीस वर्षं पंगतीतले रिकामे द्रोण हेरले, त्याला हा पेला दिसणार नाही तर काय. आप्पा जग घेऊन निघाले.

ऋतिकनं मान न वळवता पेल्यावर हात धरला.

आप्पांनी हाताकडं पाहिलं. बोटांत फट होती. चांगली करंगळी जाईल एवढी.

"घ्या हो जावईबापू," आप्पा लाडानं म्हणाले, "लाजायचं काय त्याच्यात, आपलंच घर हाये," आणि ओतला.

पंगतीतला माणूस खाली बसलेला असतो, त्याच्या द्रोणाखाली जमीन असते. हा एवढा फरक आप्पांच्या लक्षात यायचा राहून गेला. गार मठ्ठा हातावर पडताच ऋतिकचा हात उडाला, हातानं पेला उडवला, पेल्यानं जगाला धक्का दिला आणि जगातला उरलेला सगळा मठ्ठा लॅपटॉपच्या कळांवर असा पसरला, जणू त्याच्यासाठीच घुसळला होता. पडद्यावरची पाचसहा माणसं एकदम गप्प झाली. मग एकजण खुदकन हसला. मग पडदा एकदा लुकलुकला आणि काळा पडला.

ऋतिक ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं वायर ओढली, बटण दाबून धरलं, लॅपटॉप उचलून उघडाच पालथा केला आणि ठेवायला जागा शोधू लागला. आप्पांनी खुंटीवरची घोंगडी ओढून पुढं पसरली. तिच्यावर लॅपटॉप तंबूसारखा उभा राहिला आणि कळांच्या फटींतून मठ्ठा टिपकू लागला. मागोमाग कोथिंबिरीचं एक पान आलं.

"धोंड्याला जावयाला द्यायचं आसतं म्हणं," निर्मलाबाई दारातून म्हणाल्या. "तुमी त्याचं हाये ते बुडवलं."

आवाज ऐकून शेजारच्या कुशाबाई आल्या. त्यांनी लॅपटॉपचा वास घेतला आणि निदान केलं, "हिंगानं बिघडलं आसंल. तू मठ्ठ्याला हिंग लई घालतीस, निर्मला."

"हिंग मापातच व्हता," निर्मलाबाई म्हणाल्या. घरावर संकट आलं तरी मठ्ठ्याला नाव ठेवलेलं त्यांना खपत नाही.

"उन्हात ठिवू का जरा? पत्र्यावर?" आप्पांनी विचारलं.

"नको मामा," ऋतिक म्हणाला आणि हात आडवा धरला. आप्पांनी पाहिलं, या वेळी बोटं घट्ट चिकटलेली होती. एवढ्यात मांजर तंबूखाली शिरून चाटायला लागलं. त्याला कुणीच आग्रह केला नव्हता.

ऋतिकनं हातावरचा मठ्ठा रुमालाला पुसला. "मामा, मला निघायला लागेल. कंपनीचा लॅपटॉप आहे. आजच्या आज पुण्यात दाखवावा लागेल."

निघालेल्या पाहुण्याला थांबवण्याचे आप्पांकडं नाना प्रकार आहेत. त्याची चप्पल पोत्याखाली सरकवणं, गाडीची चावी देव्हाऱ्यात ठेवणं, काहीच नाही तर "चहा टाकलाय" म्हणणं, आणि मग आत जाऊन खरोखर टाकायला सांगणं. त्यातला एकही आज त्यांना सुचेना. रांगोळी घातलेलं ताट आत तसंच, आणि धोंड्याचा जावई उपाशी चाललेला. तोही कुणामुळं, तर जेवू घालणाऱ्यामुळं. आप्पांनी खांबाला हात टेकला.

प्रांजलच पुढं झाली. "अहो, पुण्याला पोचेपर्यंत सगळं आत वाळंल. आधी ओतूरला पप्पूला दाखवा ना. लॅपटॉप तोच उघडतो सगळ्यांचे."

ऋतिकला ते पटलं. त्यानं मोटारसायकल काढली. आप्पांनी लॅपटॉप घोंगडीत गुंडाळला आणि न विचारता मागं बसले. मांडीवर घोंगडी, घोंगडीला दोन्ही हात. गतिरोधक आला की आप्पा घोंगडी अलगद वर उचलून धरत, गेला की खाली घेत. फाट्यावर राघू भेटला. त्याची मेंढरं अजून आहेत. त्यानं घोंगडीकडं बघितलं.

"आप्पा, कोकरू आजारी हाये का काय?"

"व्हय," आप्पा म्हणाले.

"काय झालं?"

"प्याला जास्त झालं."

पुढं बसलेल्या जावयाचे खांदे हलले. आप्पांनी ते पाहिलं. त्यांना वाटलं, राग आवरत नाहीये पोराला.

पप्पूच्या दुकानात मोबाइलची कव्हरं छतापासून लोंबतात आणि त्यांच्यामागं पप्पू असतो. त्यानं घोंगडी सोडली, लॅपटॉप नाकाशी नेला.

"चहा न्हाई. थंडा न्हाई. बिअर म्हणावी तर तीबी न्हाई. काय हाये हे?"

"मठ्ठा," ऋतिक म्हणाला.

"मठ्ठा कसा काय पडला?"

ऋतिकनं क्षणभर विचार केला. "आग्रहात."

पप्पूनं तेव्हा कुठं मागं उभ्या आप्पांकडं नीट बघितलं. त्याच्या भावाच्या लग्नात पप्पूचा नवा शर्ट याच आग्रहानं गेला होता. "मंग बराबर हाये," तो म्हणाला. "पावणं, चालू करून बघितला न्हाई ना? न्हाई? शाणपण केलं. उघडतो, पुसतो, सुकवतो. संध्याकाळी फोन करतो. तवर कुटं जाऊ नका."

म्हणजे जावई संध्याकाळपर्यंत अडकला. एरवी आप्पांना याचा कोण आनंद झाला असता. परत येताना ते मनाशी एकच घोकत होते: आता तोंडातनं शब्द काढायचा न्हाई. पोरानं कंपनीला फोन लावून काय सांगितलं, साहेब काय म्हणाले, हे विचारायचंसुद्धा धाडस त्यांना झालं नाही. घरी पोचल्यावर निर्मलाबाईंनी त्यांना चुलीकडं ओढून उरलीसुरली तंबी दिली. "आज तोंडातनं 'घ्या' निघालं, तर मीच माहेरी जाईन. तितं कुणी आग्रह करत न्हाई, सुखानं जेवत्यात."

ऋतिक पाटावर बसला. ओवाळून झालं, कपडे ठेवून झाले. आप्पांनी धोंडे वाढले, तूप वाढलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा भांडं खाली ठेवून भिंतीला टेकून बसले. हात कुठं ठेवावेत ते कळेना, म्हणून मांडीखाली घेतले.

ऋतिक जेवू लागला. पहिल्या घासालाच त्यानं मान हलवली. एक धोंडा संपला, दुसरा संपला. ताटात तूप आणि बोटांच्या रेघा उरल्या. तो जरा थांबला. इकडंतिकडं बघितलं. निर्मलाबाई परात घेऊन जराशा वाकल्या.

"बास, मामी," तो म्हणाला.

निर्मलाबाईंनी आप्पांकडं पाहिलं.

"बरं," आप्पा म्हणाले.

त्या घरात "बास"ला "बरं" हे उत्तर कुणी कधी ऐकलं नव्हतं. प्रांजलच्या हातातली वाटी तिथंच राहिली. ऋतिक अजून थोडा वेळ पाटावर बसून राहिला, जसं काहीतरी यायचं राहिलंय. मग पाणी प्याला आणि उठला.

दुपारभर आप्पा कांदे साठवायच्या चाळीजवळ काही कारण नसताना उभे होते. निदान जेवला, असं ते स्वतःला सांगत होते, आणि दोन धोंड्यांना जेवण म्हणतात का, असं त्यांचे हात त्यांना विचारत होते. दोन धोंडे तर त्यांच्या पंगतीत मुलं झोपेत खातात. ऊन कललं तशी प्रांजल शोधत आली.

"आप्पा, तुमी त्यांच्यावर रागवलाय का?"

"मी? मी कशाला रागवू? राग त्यांला याया पाहिजे."

"ते म्हणत्यात, मामा रागावलेत, एकदासुद्धा घ्या म्हणले न्हाईत."

"आगं, त्यांनीच बास म्हणलं."

"आता पहिल्यांदा बास म्हणायची पद्धत हाये का न्हाई, आप्पा? लगेच ताट पुढं केलं तर जावई अधाशी दिसतोय. ते तुमच्या आग्रहासाठी थांबले व्हते. सकाळपासून पोटात कावळे कोकलत्यात त्यांच्या. मंचरहून निघताना मुद्दाम काही खाल्लं न्हाई, सासऱ्यांचं नाव ऐकून."

आप्पांनी चाळीच्या बांबूला धरलं. पहिलं बास ऐकायचंच नसतं, हे त्यांनी तालुक्यातल्या दोन पिढ्यांच्या वाढप्यांना शिकवलं होतं. "आन मंग रस्त्यानं खांदे उडवत व्हते ते?"

"हसत व्हते. कोकरू म्हणालात ना तुमी. मला सांगताना परत हसले."

"लॅपटॉपचं काय पण?"

"पप्पूचा फोन आला. चालू झालाय. कळांची पट्टी बदलावी लागंल, बाकी सगळं शाबूत. कंपनीनं सोमवारी घेऊन या म्हणून सांगितलंय. आन ते साहेब इचारत व्हते, 'आपलंच घर हाये' म्हणणारे कोण व्हते. सगळ्यांना लई आवडले."

आप्पा घराकडं निघाले ते चालत नव्हते, पळत होते.

निर्मलाबाईंनी धोंडे पुन्हा वाफेवर ठेवले होते. लॅपटॉप ओतूरला होता. ऋतिक पुन्हा त्याच पाटावर बसला. समोर मठ्ठ्याचा पेला होता, तो त्यानं एका दमात रिकामा केला आणि जमिनीवर, ताटाशेजारी ठेवला. आप्पा जग घेऊन समोर उभे राहिले. जग भरलेला होता, पण आप्पांचं मन थोडं रिकामं होतं. सकाळचा तो काळा पडदा डोळ्यांपुढून जात नव्हता.

ऋतिकनं पेल्यावर हात धरला. "नको, मामा."

आप्पांनी हाताकडं पाहिलं. मग तोंडाकडं पाहिलं, जे त्यांनी कधीच केलं नव्हतं. मग परत हाताकडं. आणि जन्मात पंगतीत जो शब्द वापरला नव्हता, तो त्यांनी वापरला.

"घालू का?"

निर्मलाबाईंनी परात खाली ठेवली. विचारून वाढणं म्हणजे काय असतं, हे त्यांना ठाऊक होतं. आप्पांच्या दृष्टीनं ते बुफेपेक्षाही खालचं.

"नको म्हटलं ना," ऋतिक म्हणाला आणि गालात हसला. "तसा सकाळीपण हवा होता, मामा. फक्त तिथं नको होता."

त्याचा हात पेल्यावरच होता. बोटं हळूहळू लांब झाली. करंगळीची फट मोठी झाली, मग तिच्या शेजारची, मग अंगठा पार बाजूला गेला. एवढा उघडा नकार आप्पांनी सगळ्या हयातीत पाहिला नव्हता.

"लाजायचं काय त्याच्यात," आप्पा म्हणाले. "आपलंच घर हाये."

आणि ओतला. मठ्ठा बोटांवरून, अंगठीवरून पेल्यात गेला, थोडा रांगोळीत गेला, कोथिंबिरीचं एक पान मनगटाला चिकटलं. "अहो मामा, अहो मामा," ऋतिक म्हणत राहिला आणि पेला पुढं सरकवत राहिला. निर्मलाबाईंनी दोन धोंडे वाढले. त्यानं ताटावरही हात धरला. आप्पांनी बघितलं, फट होती, तुपाची वाटी कलती केली.

"बास, मामा, आता खरंच बास," जावई म्हणाला.

आप्पांना ऐकू आलं नाही.